लाइटसेल, मुंबई रीजन: बिल ठरावीक, ताकदही ठरावीक

ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याच्या सर्व्हरसेवेवर छोटा सर्व्हर उभा केला की बिलात यंत्राचे पैसे वेगळे, डिस्कचे वेगळे, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे (इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता) ताशी अर्धा सेंट आणखी वेगळे. ॲमेझॉनच्याच लाइटसेल या छोट्या सर्व्हरच्या सेवेत हे सगळं एका आकड्यात येतं. व्यवहार मेसच्या डब्यासारखा आहे: महिन्याचे पैसे ठरलेले, पोळ्या मोजून, आणि जेवायला आला नाहीत तरी पैसे लागतातच. म्हणजे सर्व्हर ‘स्टॉप’ करून ठेवला तरी मीटर चालू राहतं, तो डिलीट केला तरच थांबतं. ईसीटूची सवय असलेले इथे हमखास फसतात.

लिनक्सचे खालचे तीन प्लॅन असे: ५ डॉलरला ५१२ एमबी रॅम आणि २० जीबी डिस्क, ७ डॉलरला १ जीबी आणि ४० जीबी, १२ डॉलरला २ जीबी आणि ६० जीबी. तिन्हींत दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर). भारतात वर १८ टक्के जीएसटी धरा. याहून स्वस्त, फक्त आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) असलेले प्लॅनही आहेत, पण ज्यांच्याकडे आयपीव्ही६ नाही असे ग्राहक थेट पोहोचणार नाहीत आणि आयपीव्ही४ वरच चालणाऱ्या बाहेरच्या सेवा सर्व्हरला दिसणार नाहीत. दीड-दोन डॉलरसाठी हा ताप घेऊ नका.

किंमत-तक्त्याखालची बारीक अक्षरं मुंबईवाल्यांनी जरूर वाचावीत. प्लॅनसोबत मिळणारा डेटा (५ डॉलरला १ टीबी, ७ ला २, १२ ला ३) मुंबईत निम्माच मिळतो. शिवाय येणारा आणि जाणारा, दोन्ही डेटा त्या कोट्यातून वजा होतो. कोटा संपल्यावर पैसे मात्र फक्त जाणाऱ्या डेटाचे. साध्या वेबसाइटला निम्मा कोटाही संपता संपत नाही. व्हिडिओ किंवा मोठ्या पीडीएफ वाटणार असाल तर ते ओझं सर्व्हरवर न ठेवता पुढे सीडीएन (फाइल्सच्या प्रती ठेवून वाटणारी सेवा) लावा.

आता खरी मेख, सीपीयूची. दोन व्हीसीपीयू लिहिलेत म्हणून ते चोवीस तास तुमचे नाहीत. ५ डॉलरच्या प्लॅनला सलग वापरता येणारी मर्यादा ५ टक्के आहे, ७ च्या प्लॅनला १० आणि १२ च्या प्लॅनला २०. १० टक्के म्हणजे तासातली सहा मिनिटं पूर्ण वेग, उरलेली चोपन्न मिनिटं जवळपास आराम. न वापरलेला वाटा साठत जातो आणि गर्दीच्या वेळी तो खर्च होतो. साठा संपला की यंत्र बंद पडत नाही, रांगायला लागतं. ईसीटूच्या टी३ यंत्रांवर अशा वेळी आपोआप जादा वापर मिळतो आणि त्याचे पैसे लागतात. इथे पैसे लागत नाहीत, वेग कापला जातो. बिल वाचतं, साइट झोपते.

हे ओळखायचं कसं? सर्व्हरवर ‘टॉप’ ही कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीत अगदी शेवटचा आकडा बघा, ‘एसटी’ म्हणजे स्टील (चोरलेला वेळ: यंत्राला हवा होता, पण मिळाला नाही). तो एरवी शून्याजवळ असतो. तो चढलेला असेल आणि तुमच्या प्रोसेसने वापरलेल्या सीपीयूचा ‘यूएस’ आकडा किरकोळ असेल, तर कोडमध्ये दोष शोधत बसू नका, साठा संपलाय. लाइटसेलच्या वेब पॅनलमधल्या मेट्रिक्समध्ये सीपीयूचा आलेख ‘सस्टेनेबल’ आणि ‘बर्स्टेबल’ अशा दोन पट्ट्यांत दिसतो. रेघ तासन् तास वरच्या पट्टीत राहत असेल तर प्लॅन अपुरा आहे. वर्डप्रेसवर मात्र आधी ॲक्सेस लॉग बघावा. बऱ्याचदा साठा खाणारे वाचक नसतात, लॉगिन पानावर आणि एक्सएमएलआरपीसीवर (वर्डप्रेसचं बाहेरच्या ॲपसाठीचं जुनं दार) धडका मारणारे बॉट असतात. ते एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्येच अडवले तर तोच प्लॅन पुरतो.

रॅमची गोष्ट याहून सरळ. ५१२ एमबीवर नोडचं (जावास्क्रिप्ट ॲपचं) बिल्ड करायला गेलात तर थोड्या वेळाने टर्मिनलवर ‘किल्ड’ एवढाच शब्द उमटतो. डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲपचा वेगळा बंदिस्त डबा) असाल तर एक्झिट कोड १३७. कर्नलने मेमरी संपली म्हणून प्रोसेस मारलेली असते, कर्नलच्या नोंदींत (dmesg) ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ सापडते. उबुंटू लिनक्सच्या इमेजमध्ये स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसतो, तो पहिल्याच दिवशी करून ठेवा: एफ-ॲलोकेटने (fallocate) २ जीबीची फाइल, तिला ६०० परवानगी, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये तिची ओळ. ही शेवटची पायरी राहिली तर रीबूटनंतर स्वॅप गायब. स्वॅपिनेस (स्वॅपकडे वळण्याचा कल) १० ठेवा. स्वॅप म्हणजे रॅम नव्हे, तो फक्त वेळ मारून नेतो. बिल्ड लॅपटॉपवर किंवा सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणारी सेवा) करून तयार फाइल्स सर्व्हरवर टाकणं केव्हाही बरं, त्यात सीपीयूचा साठाही वाचतो.

फायरवॉल पॅनलमध्येच आहे आणि चांगला आहे. नुसत्या उबुंटूवर २२ (एसएसएच लॉगिन) आणि ८० (एचटीटीपी) हे पोर्ट उघडे मिळतात, ४४३ (एचटीटीपीएस) हाताने उघडावं लागतं. ‘सर्टिफिकेट बरोबर आहे, तरी एचटीटीपीएस लागत नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच. आयपीव्ही६ चे नियम वेगळे आहेत, तिथेही उघडा. आणि ४४३ उघडलं म्हणून ८० बंद करू नका: सर्टिफिकेट आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम नेहमीच्या पद्धतीने नूतनीकरण करताना ८० वरूनच पडताळणी करतो. ती सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं जून २०२५ पासून बंद केलंय, त्यामुळे सर्टबॉटचा ‘ड्राय रन’ (नूतनीकरणाची रंगीत तालीम) करून एकदा खात्री करून घ्या.

यूएफडब्ल्यू हा उबुंटूच्या आतला फायरवॉल चालू करायचाच असेल तर आधी २२ ला परवानगी. उलट क्रमाने केलंत की स्वतःच बाहेर, आणि पॅनलमधलं ब्राउझर टर्मिनलही २२ वरूनच येतं, म्हणजे तेही बंद. सुटका अशी: स्नॅपशॉट (सर्व्हरच्या डिस्कची पूर्ण प्रत) घ्या, त्यातून नवा सर्व्हर करताना लाँच स्क्रिप्टमध्ये यूएफडब्ल्यू बंद करण्याची एक ओळ लिहा. डॉकर वापरणाऱ्यांना तर यूएफडब्ल्यूचा भरवसाच नाही. डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो. पॅनलचा फायरवॉल यंत्राच्या बाहेर असल्याने तो मात्र अडवतो. तोच नीट ठेवा.

डॉकरचाच आणखी एक त्रास: त्याच्या लॉगला मूळ सेटिंगमध्ये कमाल मर्यादाच नसते. २० जीबीची डिस्क तेवढ्याने भरते. डॉकरच्या सेटिंग फाइलमध्ये (daemon.json) कमाल १० एमबी आणि तीन फाइल्स अशी मर्यादा घाला. ती जुन्या कंटेनरना लागू होत नाही, ते नव्याने बनवावे लागतात. फाइल डिलीट करूनही डीएफ या डिस्क दाखवणाऱ्या कमांडमध्ये जागा सुटलेली दिसत नसेल तर एखाद्या प्रोसेसने ती धरून ठेवलेली असते. एलएसओएफ (उघड्या फाइल्स दाखवणारी कमांड) वापरून शोधा आणि ती सेवा रीस्टार्ट करा.

प्लॅन वाढवणं एका बटनाचं काम नाही. स्नॅपशॉट घ्यायचा, त्यातून मोठा सर्व्हर करायचा, तात्पुरत्या पत्त्यावर तपासायचा (४४३ उघडं आहे ना तेही बघायचं), मग स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) जुन्यावरून सोडवून नव्याला लावायचा. स्टॅटिक आयपी पहिल्या दिवशीच घेतलेला असेल तर डीएनएसला हात लावावा लागत नाही. नाहीतर साधा पत्ता स्टॉप-स्टार्टमध्येही बदलतो. स्टॅटिक आयपी सर्व्हरला जोडलेला असेपर्यंत फुकट, मोकळा सोडला की तासाभराने पैसे. स्नॅपशॉटमधून लहान प्लॅनकडे परत येता येत नाही, म्हणून सुरुवात ७ डॉलरच्या प्लॅननेच करावी. डेटाबेसही त्याच यंत्रावर असेल तर १२ च्या. ५ चा प्लॅन स्थिर पानांपुरता ठीक.

ऑटोमॅटिक स्नॅपशॉट चालू ठेवा, जीबीला महिन्याला ५ सेंट पडतात आणि शेवटचे सात राहतात. पण जुना सर्व्हर डिलीट केला की ते सातही त्याच्याबरोबर जातात. हवा असलेला आधी मॅन्युअलमध्ये बदलून घ्या. चालू डेटाबेससाठी निव्वळ स्नॅपशॉटवर विसंबू नये, रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) वेगळा काढून यंत्राबाहेर ठेवावा. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) वेळ लिहिताना सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) आहे हे ध्यानात असू द्या: पहाटे २ चा डंप हवा असेल तर तिथे २०:३० लिहायचं, २:०० लिहिलंत तर तो सकाळी साडेसातला चालेल.