रामसेज की साल्हेर? घरच्यांसोबत एका दिवसात

आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील, तर नाशिक जिल्ह्यातल्या या दोन किल्ल्यांपैकी मी रामसेजच सांगेन. नाशिकहून पेठ रस्त्याने पायथ्याचं आशेवाडी गाव अगदी जवळ आहे. पायऱ्यांची वाट आहे, वर गुहेत रामाचं मंदिर आहे आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं. गड दिसायला बुटका, पण 1682 पासून मोगलांचा वेढा त्याने वर्षानुवर्षं झुंजवला. किल्लेदारांनी लाकडी तोफा वापरल्याचं सांगतात. तटाशी उभं राहून मुलांना हे सांगा, इतिहासाच्या पुस्तकातली ओळ त्यांना दिसू लागेल.

साल्हेरचं तसं नाही. बागलाणातला हा 1,567 मीटर उंचीचा गड राज्यातला सर्वांत उंच किल्ला आहे. सटाण्यावरून जाताना पहाटेच निघावं लागतं आणि चढ दम काढतो. पण 1672 ची मोठी लढाई इथल्याच परिसरात झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवलं, मराठा सरदार सूर्याजी काकडे इथेच लढताना पडले. ते रण वरून नजरेत मावत नाही. मुलं दहा-बारा वर्षांची झाली असतील, तर हिवाळ्यात साल्हेरलाच न्या.