रोटरच्या पात्यांना हार्डफेसिंग: सीझनभर वापरल्यावर

ट्रॅक्टरच्या रोटरच्या (रोटाव्हेटरच्या) पात्यांना धारेवर वेल्डिंगनं कडक धातूचा भर चढवून घेतला, त्यालाच हार्डफेसिंग म्हणतात. पाती चांगली निघाली, वैताग आणलाय तो बोल्टांनी. त्याचं खाली सांगतो.

आमचं रान माण तालुक्यातलं, मुरूम आणि गारगोट्या. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तिचा कडकपणा विकर्सवर (कडकपणा मोजायचं माप) १००० च्या वर आणि पाणी दिलेलं (तापवून झटकन थंड करून कडक केलेलं) बोरॉन स्टीलचं पातं ५०० च्या आसपास, मग झिजणार नाही तर काय. म्हणून नवा सेट लावायच्या आधीच धारेला क्रोम कार्बाइडच्या रॉडची एक लाइन मारून घेतली, त्यातले कार्बाइडचे कण १५०० च्या आसपास जातात. खर्च पोटात दुखेल एवढा, पण नव्या सेटपेक्षा कमीच.

भर थंड झाला तशा आडव्या बारीक चिरा पडल्या, तिथंच वेल्डरशी वाजलं. तो म्हणे ह्या रॉडला चिरा पडणारच, ताण सुटतो. तेव्हा थापच वाटली, पण अजून एक टवका उडालेला नाही, तर तेवढं त्याचं खरं. भर एकाच बाजूला मारलाय तेही बरं झालं, मऊ बाजू आधी झिजते आणि कडक बाजूची धार आपोआप पातळ राहते. नाहीतर आधीची पाती बोथट व्हायची आणि ट्रॅक्टर नुसता डिझेल प्यायचा.

मोडलं ते वाकापाशी, म्हणजे पातं जिथं वळतं तिथं. दोन पाती, दोन्हीवर रॉड पार वाकापर्यंत नेलेला, तिथं गरम होऊन पात्याचं पाणीच उतरलं. वेल्डर म्हणतो दगड लागला असेल. अरे बाबा दगड काय दोघांनाच शोधत आला का? पैसे परत नाहीच दिले.

आणि बोल्ट! पूर्वी पाती लवकर बदलायची म्हणून बोल्ट पण नवे पडायचे. आता पातं टिकतंय आणि बोल्टाचं डोकं मातीत घासून गोल झालंय, पाना फिरतो नुसता, नट गंजून बसलेला. मोडकी दोन पाती काढायला गॅस कटरवाला बोलवावा लागला, तो पण फेरीचं भाडं वेगळं लावतो. पात्यावर वाचवलं ते कटरवाल्याला घातलं, म्हणून चारच स्टार.

नदीकाठच्या काळ्या रानाला ह्या भानगडीत पडू नका, तिथं साधी पाती पण दमानं झिजतात. मुरमाडवाल्यांनी करा, पण रॉड वाकाच्या अलीकडंच थांबवायला लावा, समोर उभं राहून. आणि चांगले कडक बोल्ट कुठं मिळत असतील तर खाली लिहा, भावासकट.