दूरदर्शन की स्वित्झर्लंडचं मॉडेल, आपल्या भाषेसाठी काय बरं?

सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर आपण पुणेकर लहानपणापासून बघतोय, पण त्यावरून येणारं बरंचसं दिल्लीचंच असायचं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि संध्याकाळ मराठी झाली, मग १५ ऑगस्ट १९८२ ला रंग आले, त्याच दिवशी दिल्लीहून देशभर एकत्र दाखवला जाणारा नॅशनल प्रोग्रामही आला आणि रात्रीचा प्राइम टाइम हिंदी-इंग्रजीकडे गेला. म्हणजे जाळं एक आणि त्यात मराठीला एक खिडकी. पूर्ण चॅनल, आताचं सह्याद्री, मिळायला १९९४ उजाडलं.

स्वित्झर्लंडमध्ये सरळ उलटं. तिथल्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओ संस्थेत जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चारही भाषांची आपापली युनिट्स आहेत. पैसा मुख्यतः टीव्ही-रेडिओसाठीच्या घरटी फीमधून येतो आणि जर्मन भागातल्या फीचा काही भाग बाकीच्यांकडे वळवला जातो, इटालियन बोलणारे जेमतेम ८ टक्के पण त्यांना वाटा त्याच्या दुपटीहून जास्त! २०१८ ला ही फी बंद करायची का यावर मतदान झालं तर सत्तर टक्क्यांहून जास्त लोक नको म्हणाले.

आता खरं सांगायचं तर चार भाषा आणि आपल्या २२ अनुसूचित भाषा यांची बरोबरी होत नाही, आणि खेडोपाडी टीव्ही पोचवला तो दूरदर्शननेच, ते श्रेय द्यायलाच हवं. पण मला स्वित्झर्लंडचीच पद्धत पटते, कारण तिथे छोट्या भाषेला उरलेला वेळ देत नाहीत, बजेटच देतात. सह्याद्रीलाही तसं स्वतःचं बजेट आणि स्वतःचे निर्णय हवेत.