पॉइंट टू-टू सेमी-ऑटोला कोणतं काडतूस लावावं: साधं की वेगवान?

ठाण्याहून आम्ही चार-पाच जण रविवारी पहाटे एका गाडीतून वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जातो. सोबत कुणी नवा असला की मुलुंड ओलांडायच्या आत त्याचा प्रश्न येतोच: "सेमी-ऑटोसाठी हाय व्हेलॉसिटी घेऊ ना?" वेग जास्त म्हणजे माल चांगला, असं त्याने धरलेलं असतं. माझ्याकडे बाबांची जुनी पॉइंट टू-टू सेमी-ऑटो रायफल (0.22 इंची, पुढचं काडतूस आपोआप भरणारी) आहे, रीतसर माझ्या लायसन्सवर चढलेली. तिच्यातून तिन्ही प्रकारची काडतुसं चालवून पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

तीन प्रकार असे. साधी, म्हणजे स्टँडर्ड व्हेलॉसिटी: 40 ग्रेनची (सुमारे 2.6 ग्रॅमची) गोळी, नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण 325 मीटर. हाय व्हेलॉसिटी: गोळी बहुधा तेवढ्याच वजनाची, वेग 375च्या आसपास. सीसीआय या अमेरिकन कंपनीची मिनी-मॅग यातलीच. तिसरी अतिवेगवान: सीसीआय स्टिंगरची गोळी फक्त 32 ग्रेनची, पण डबीवर वेग 500 मीटर.

सेमी-ऑटोत काडतूस गोळी फेकतं आणि रायफलही चालवतं, हे आधी डोक्यात पक्कं हवं. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) काढायला आपला हात असतो. इथे बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, कुठे अडकवलेला नसतो, तो स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) धरून बसतो. बार उडाला की पुंगळी मागे रेटली जाते आणि तीच बोल्टला ढकलते. तो पूर्ण मागे गेला तरच पुंगळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर येतं. धक्का कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातून परततो. साध्या काडतुसांच्या पहिल्याच डबीला मला हे दिसलं. चौदाव्या बाराला पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली, तोंड आभाळाकडे, पितळेवर काजळीचा पट्टा आणि कडेला मेणाचा पिवळट थर. त्या 50 मध्ये सहा वेळा असं झालं.

म्हणून सेमी-ऑटोला हाय व्हेलॉसिटी सुचवतात, आणि ते चुकीचं नाही. 325 वरून 375 म्हणजे ऊर्जा 137 ज्यूलवरून 180च्या पुढे जाते. बोल्ट झडझडून मागे जातो. त्याच रायफलमध्ये हाय व्हेलॉसिटीची अख्खी डबी एकदाही न अडकता गेली.

पण कागदावरची भोकं मोजली आणि चित्र फिरलं. 50 मीटरवर साध्या काडतुसांचा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पुंजका, एका रुपयाच्या नाण्याने जवळजवळ झाकला जायचा. हाय व्हेलॉसिटीचा त्याच्या दुप्पट पसरला. कारण आवाजाच्या वेगात आहे. 20 अंशांना आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, आपल्या मे महिन्याच्या 35 अंशांत 352च्या आसपास. हाय व्हेलॉसिटीची गोळी या रेषेच्या वर निघते आणि 50 मीटरच्या आतच ती ओलांडून खाली येते. नेमक्या त्या टप्प्यावर हवा तिला हिसका देते. साधी गोळी मुळातच रेषेखाली असते, तिची वाट शांत.

वाऱ्याचं तर कुणाला पटतच नाही. वेगवान गोळी लवकर पोहोचते, मग वाऱ्याने कमीच ढळणार, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण वाऱ्याने गोळी किती सरकते हे तिने वाटेत वेग किती गमावला त्यावर ठरतं, आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो. हाय व्हेलॉसिटी 50 मीटरमध्ये सेकंदाला चाळीसेक मीटर वेग गमावते, साधी पंचवीसेक. त्यामुळे आडव्या वाऱ्यात वेगवान गोळीच जास्त सरकते. 50 मीटरच्या स्पर्धांत लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर असतं आणि तिथली काडतुसं संथ गटातली असतात. इली टेनेक्स या स्पर्धेच्या काडतुसाचा वेगही 330 मीटरच आहे. पॅरिसला 2024 मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) कांस्य आणलं, ते याच पल्ल्यावर.

स्टिंगरच्या गटाला मी फार जागा देत नाही. ती पोकळ टोकाची हलकी गोळी छोट्या शिकारीसाठी बनते. येऊरचं जंगल दारात असलं तरी आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकारीचा विषय संपलेला आहे. शिवाय स्टिंगरची पुंगळी नेहमीपेक्षा लांब असते, स्पर्धेच्या घट्ट चेंबरमध्ये ती घालूच नये. जुन्या रायफलच्या बोल्टला रोज तो मार कशाला द्यायचा?

तर निवड कशी करायची? आधी रायफल नीट साफ करा, विशेषतः चेंबरचं तोंड आणि बोल्टचा पुढचा भाग. माझे सहा अडथळे साफसफाईनंतर एकावर आले. मग साध्याच्या 50 आणि हाय व्हेलॉसिटीच्या 50 एकाच दिवशी मारा. प्रकार बदलल्यावरचे पहिले दहा मोजू नका, नळीला नवं वंगण बसेपर्यंत गोळी भटकते. 50 मध्ये साधी एखाद-दुसऱ्यांदाच अडकली तर साधीच घ्या. पाच-सहा वेळा अडकली तर 40 ग्रेनची हाय व्हेलॉसिटी घ्या आणि पसरलेला ग्रुप मान्य करा. दर दहा बारांनी लक्ष तुटणारा माणूस नेम शिकत नाही. 25 मीटरवर नुसता सराव असेल तर दोन्हींतला फरक जाणवणारही नाही, तिथे हाय व्हेलॉसिटी खुशाल चालवा.

बार उडालाच नाही तर अर्धा मिनिट नळी लक्ष्याकडेच धरून थांबा, मगच बोल्ट ओढा. आणि बार फुसका वाटला तर पुढचा मारण्याआधी नळी मोकळी आहे ना ते बघा. अपुऱ्या धक्क्याची गोळी आत अडकलेली असू शकते.

पसंत पडलेल्या डबीचा लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा आणि लायसन्सवरच्या मर्यादेत बसतील तेवढ्या डब्या त्याच लॉटच्या घ्या. त्याच नावाचा दुसरा लॉट माझ्या रायफलमध्ये वेगळा पडला आहे. जुलै-ऑगस्टात काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट, कुलपात ठेवा. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत माझ्या एका उघड्या डबीतल्या पितळेवर एका पावसाळ्यात हिरवट डाग आले, आणि ती काडतुसं मी रेंजवर न नेता दुकानदाराला नष्ट करायला परत दिली.