सिलिकॉनचा स्पेसर: ठणक कमी, हाड तिथंच

मालवणात माझी खानावळ आहे. सकाळी सुरमईच्या तुकड्या तळण्यापासून रात्री ओटा धुईपर्यंत मी उभीच. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड असं पुढे आलंय की अंगठा शेजारच्या बोटावर चढतो. मेडिकलमधून सिलिकॉनचा स्पेसर आणला, दोन्हींच्या मध्ये बसवायचा. घासणं थांबलं, संध्याकाळची ठणकही उतरली. पण पावसाळ्यात ओल्या पायावरून सटकतो आणि आत पाणी राहिलं की बेचक्यात चिखल्या होतात. रोज काढून धुवा, पाय नीट कोरडा करा. चप्पल पुढून रुंद हवी. अंगठ्याच्या चपलेत हा मावतच नाही.

पाकिटावर 'हाड सरळ करतो' छापलंय, ती शुद्ध थाप! ते होतं ऑपरेशननेच: हाड कापून जागेवर आणतात, स्क्रू लावतात. डॉक्टर म्हणाले, नुसतं दिसायला वाईट म्हणून करू नका, चालणं अवघड झालं तर करा. नंतर साधारण ६ आठवडे खास बूट, सूज तर कित्येक महिने. मे महिन्यात पर्यटक दारात असताना कोण पाय वर करून बसणार? गणपतीनंतर बघू, असं घरी सांगितलंय. तोवर हाच. ५ पैकी साडेतीन.