कॅमेरोचा फ्लोअर स्वतः बनवला, आठ महिने चालवून काय वाटतं

इथे मिशिगनमधे हिवाळ्यात रस्त्यावर इतकं मीठ टाकतात की जुन्या गाडीचा पत्रा पापडासारखा होतो. माझी गाडी शेव्हरोलेची १९६८ ची कॅमेरो, ओहायोच्या नॉरवूड प्लांटची. कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली चक्क गॅरेजची जमीन दिसली. तयार फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचे पत्रे) मिळतात हो, पण मला जुन्या चार गिअरच्या जागी ट्रेमेकचा सहा गिअरवाला टी-५६ मॅग्नम गिअरबॉक्स टाकायचा होता आणि तो मूळ टनेलमधे (फ्लोअरच्या मधोमध गिअरबॉक्सवरचा उंचवटा) मावत नाही, वरचा पत्रा कापावाच लागतो, मग म्हटलं कापायचंच आहे तर अख्खाच घरी बनवू.

१८ गेजचा पत्रा घेतला, म्हणजे साधारण १.२ मिमी. आधी सगळं पुठ्ठ्यावर कापून बसवून बघितलं, टनेलचा पुठ्ठा तर चारदा फेकला. आणि एक नक्की करा, ग्राइंडर लावायच्या आधी दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप टॅक करून (वेल्डिंगचे छोटे टाके मारून) घ्या, कारण ह्या गाडीला पुढे बोल्टने बसवलेली सबफ्रेम (इंजिन धरणारा छोटा सांगाडा) सोडली तर वेगळी चॅसी नाहीच, फ्लोअर काढला की बॉडी वाकते आणि मग दारं लागत नाहीत.

वेल्डिंग मिग मशीनने (ज्यात तार आपोआप पुढे येते), शील्डिंग गॅसवर. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे गार होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा लाटेसारखा उठतो. मी केली घाई एकदा, मग हातोडी घेऊन अख्खा शनिवार.

आता वापराचं. एप्रिल ते नोव्हेंबर चालवली. ड्रायव्हरच्या बाजूला बीड रोलरने पाच लांब उठाव काढले होते, तिथे दगडासारखं घट्ट, आवाज नाही. डाव्या बाजूनेच एवढा दमलो होतो की उजवीकडचा पत्रा तसाच सपाट टाकला, तर साठ मैलांच्या वर गेलं की पिंप बडवल्यासारखं वाजतं. बायको त्याच बाजूला बसते, त्यामुळे मला रोज ऐकावं लागतं. आवाज दाबणाऱ्या ब्यूटाइल रबराच्या शीट चिकटवल्या, कमी झालं, गेलं नाही.

ऑगस्टमधे वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर भरणारी जुन्या गाड्यांची जत्रा) रांगेत रांगत जाताना टनेल इतका तापला की उजवी पोटरी लाल झाली. एक्झॉस्टवर हीट शील्ड आधीच लावायला हवी होती, ती नंतर लावली.

आणि पाणी. पहिल्याच जोराच्या पावसात मागच्या सीटखाली तळं. सीम सीलर (जोड बुजवायची पेस्ट) आतून छान फासला होता पण एका जोडावर खालून राहिलाच होता, टॉर्च घेऊन झोपून बघितलं तर दोन बोटं एवढी फट. आता कोरडं आहे.

गिअरबॉक्स मात्र झकास बसलाय, सहाव्यात हायवेला इंजिन निवांत चालतं. डिसेंबरात गाडी उभी असताना उजवी बाजू परत कापणार आहे. बीड रोलर मित्राचा होता, त्याला मेसेज टाकलाय. त्या बाजूचं कार्पेट अजून चिकटवलं नव्हतं, बरं झालं.