बटाट्याआधी ताग की मूग?

पहिला पाऊस पडला की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. रब्बीत गहू नाहीतर बटाटा घ्यायचा आहे, काळी जमीन युरिया मागत चालली आहे, तर खरिपात ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडावा की मूग घ्यावा? मी दोन्ही केलंय. आधी तीन वर्षं ताग, आणि त्यानंतर मूग, त्याचं हे चौथं वर्ष.

नुसतं नत्र (नायट्रोजन) मोजायचं तर ताग पुढे आहे, हे आधीच कबूल करतो. गव्हाला शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची. सगळं युरियातून धरलं तर एकरी सव्वादोन गोण्यांच्या वर जातं, कारण 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम पावणेएकवीस किलो. तागावर गहू घेतला तेव्हा मी त्यातली एक गोणी बिनधास्त कमी केली आणि ओंबीत फरक दिसला नाही. मुगावर अर्धी गोणी कमी करतो, त्याहून जास्त हिंमत होत नाही. साहजिकच आहे. मुगाने हवेतून ओढलेलं बरंचसं नत्र दाण्यात जातं आणि दाणा आपण बाजारात नेतो.

पण ताग गाडायचा असतो, आणि माझी गाडी तिथेच अडली.

फुलावर आला की, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, गाडा असं सांगतात. जूनमध्ये पेरलेला ताग बरोबर ऑगस्टात तिथे येतो. तिसऱ्या वर्षी नेमकी तेव्हाच झड लागली. काळ्या रानात वाफसा, म्हणजे अवजार चालेल इतपत ओल, येईना, आणि आला तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या शेतात. अठरा-वीस दिवस गेले. कमरेएवढा ताग डोक्यावरून गेला, खोडात वाख धरला, म्हणजे दोराचा चिवट धागा. शेवटी रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार, आला, आणि दोन फेऱ्यांत थांबला. दांड्याला मनगटाएवढा जाड वाख गुंडाळलेला, पाती दिसेनात. ड्रायव्हर विळा घेऊन खाली बसला, चिरत चिरत म्हणाला, "आप्पा, दोर वळाना शेतस का वावर करानं शे?" म्हणजे दोर वळायचे आहेत की शेत करायचं आहे? हसू आलं, पण भाडं तासावर चालू होतं. एका एकराला अख्खा दिवस गेला.

नुकसान तिथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. निबर खोड लवकर कुजत नाही, उलट कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतं. कार्तिकात बटाट्याच्या सऱ्या पाडल्या तर अर्धवट तुकडे रेजरला अडकत होते. बटाटा आधी पिवळट राहिला, आणि डिसेंबरात, जेव्हा त्याने पोसायला लागायचं, तेव्हा कुठे ते नत्र सुटलं. पाला गुडघ्यापर्यंत, शेजारी येऊन कौतुक करून गेले. खाली मात्र सुपारीएवढे बटाटे जास्त. बटाट्याला उशिरा मिळालेलं नत्र पाल्यातच जातं. गव्हाचं तसं नसतं, तो बराच सांभाळून घेतो.

मूग निर्मळ आहे असं नाही. पिवळा पडणारा रोग येतो, पोळ्याच्या सुमाराला तोडायला बाया मिळत नाहीत, शेंग पिकल्यावर पाऊस लागला तर दाणा झाडावरच मोडावतो. एका वर्षी दुसरी तोडणी मी अशीच सोडून दिली. तरी दोन तोडण्या करून उरलेलं हिरवं झाड एका फेरीत मातीत मिसळतं, रोटरला काही गुंडाळत नाही. पेरणीपर्यंत कुजायला महिना-दीड महिना मिळतो. बियाण्याचंही बघा. तागाला एकरी वीस-पंचवीस किलो, मुगाला सहा-सात. शिवाय चार पैसे खरिपातच हातात येतात, चार एकरवाल्याला ते लागतात.

एक चूक मात्र करू नका. बरेच जण मूग मुळासकट उपटून खळ्यावर नेतात, कुटार गुरांना घालतात. मग रानात राहिलं काय? मुळांवरच्या नत्राच्या गाठीही गेल्या आणि पालाही. तसंच करायचं असेल तर बेवड, म्हणजे आधीचं पीक, चांगला म्हणून युरिया कमी करू नका.

बटाट्यानंतर मी रान मोकळं ठेवत नाही. बटाट्याचं मूळ वरवर राहतं, त्यामुळे पाण्याबरोबर खाली गेलेलं नत्र त्याला सापडत नाही. सऱ्या मोडून उन्हाळी बाजरी टाकली की ती खोलवरचं उचलते. पहिली दोन वर्षं मी बाजरीला नेहमीएवढाच युरिया दिला आणि ती लोळली. आता हात आखडता घेतो.

ज्याच्या दारात स्वतःचा ट्रॅक्टर आहे, रब्बीत फक्त गहू घ्यायचा आहे आणि खरीप सोडायची ऐपत आहे, त्याला मी ताग नको म्हणणार नाही. त्याच्या जमिनीला कदाचित तोच बरा. माझ्याकडे पंधरा किलो बी माळ्यावर पडून आहे. जुनं आहे, उगवण तपासून घ्या आणि घेऊन जा. पैसे नकोत.